उलटा झिजलेला टायर

टायर हलका होता, साईज चुकीचा होता आणि पोरगं मस्तीत होतं, असं तुम्ही म्हणालात, साहेब. पोलीस ठाण्यातल्या खुर्चीत रेलून, चहाचा कप खाली न ठेवता म्हणालात. समोर कृष्णात उभा होता, फौजेत अख्खी उमर गाड्या हाकलेला माणूस. त्याच्या मागं पदर तोंडाला लावून साळूबाई. त्यांचा एकुलता एक शिवतेज बेपत्ता होता आणि तुम्ही त्यांना टायर शिकवत होतात. रस्ता पुढं नाहीच तर पोरगा जाईल कुठं, येईल आपला आपण, म्हणालात आणि तपास गुंडाळलात. खोटं बोललात तुम्ही. आता पुढं काय झालं ते ऐकून घ्या.

गाडी सापडली ती आष्ट्याच्या अलीकडं, नव्या रस्त्यावर. त्याचं डांबर एका जागी सुरीनं कापल्यासारखं संपतं आणि पुढं खारपड रान लागतं. पाणी पाजून पाजून मारलेली जमीन, वर मिठाचा पांढरा पापुद्रा, बाभळसुद्धा धरत नाही. डांबराच्या अगदी कडेवर शिवतेजची निळी स्पोर्ट्स कार उभी होती, दोन दारांची, बुटकी. पुण्यात नोकरी करून, पोटाला चिमटे काढून घेतलेली जुनी गाडी. इंजिन चालू, दारं बंद, आत कोणी नाही. पांढऱ्या रानात ना चाकाची खूण, ना पावलाची. आणि त्याच आठवड्यात घातलेले चारी टायर आतल्या तारा दिसेपर्यंत झिजलेले.

तुम्ही गाडी परत दिलीत तेव्हा कृष्णातनं ती पलूसला आणून घराशेजारच्या पत्र्याच्या शेडात घातली. नागड्या तारांवर उभी गाडी त्याला बघवेना. पोरगा आला तर आधी गाडीच बघणार. त्यानं गाडी विटांवर चढवली, चाकं काढली आणि टेम्पोत घालून माधवनगरला नानासोच्या टायरच्या दुकानात नेली. शिवतेजही तिथंच जायचा.

"काय घालू, फौजी?" नानासोनं विचारलं.

"त्यानं घातलं हुतं त्येच."

"म्हंजे पुढं दोनशे पंचवीस रुंदीचं, मागं दोनशे पंचावन्न. जर्मन, मऊ रबर. रस्त्याला चिकटतंय झकास, पर झिजतंय बी लय. आन ही टायरची बाजू बघा, निस्ता पापड. आपल्या रस्त्यावर पापड किती दिस टिकनार?"

"त्याला आवडायचं."

नानासोनं मशीनवर चाक चढवलं आणि कामाला लागला.

चाकं बसवून कृष्णातनं शेडाचं शटर ओढलं, कुलूप घातलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. गाडी कुठं न्यायचीच नव्हती. बॅटरी बसू नये म्हणून तो अधूनमधून जाऊन इंजिन चालू करायचा, तेवढंच.

असाच एका सकाळी गेला आणि दारातच थांबला. शेडात तापलेल्या रबराचा वास होता. वाकून त्यानं मागच्या टायरला हात लावला. टायर कोमट होता. नक्षी जवळजवळ गेलेली. त्यानं दार उघडून मीटर बघितला. किलोमीटरचा आकडा होता तिथंच होता.

चोराशिवाय दुसरं काही मनात यावं असा तो माणूस नव्हे. कुलूप तपासलं, पत्रे ठोकून बघितले. मग चाकं काढून पुन्हा माधवनगर.

नानासोनं टायरवरून तळवा फिरवला, थांबला, उलट बाजूनं फिरवला. टायर पुढं पळतो तेव्हा नक्षीच्या ठोकळ्यांची एक कड जास्त झिजते. मग एका बाजूनं हात गुळगुळीत जातो आणि दुसऱ्या बाजूनं दाते लागतात, म्हशीच्या पाठीवर केसांच्या उलटा हात फिरवावा तसे. टायर कुठल्या दिशेला पळायचा त्याचा बाण त्याच्या बाजूवर कोरलेला असतो.

"बाण हिकडं. आन दातं पार उलटं," नानासो म्हणाला. "काय फौजी, रिव्हर्समधी मुंबई गाठली व्हय?"

तो एकटाच हसला.

घरी आल्यावर कृष्णातनं साळूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"माघारी येतोय त्यो," ती म्हणाली. "गेला त्या वाटंनं मागं मागं येतोय. गाडी वळवायला जागा नसंल तिथं."

"खुळ्यागत बोलू नगंस."

"मग तुमी शाण्यागत सांगा. आवं, सांगा की."

नवे टायर चढवून त्यानं गाडीभोवती सगळ्या फरशीवर गव्हाचं पीठ भुरभुरलं. महिन्याच्या आतच टायर पुन्हा उलटे झिजले. पिठावर उंदराचं पाऊलसुद्धा नव्हतं. पण या वेळी टायरच्या खाचांत पांढरा चुरा गच्च बसला होता. साळूबाईनं केसांतला आकडा काढून तो उकरला आणि जिभेवर ठेवला. खारट.

त्या दिवसापासून कृष्णातनं चोर शोधणं सोडलं. साहेब, तुम्ही कधीच सुरू केलं नव्हतं, हा माणूस निदान करून थकला. आता त्याला एकच काम उरलं, टायर निवडायचं. चार टायरांचा प्रत्येक सेट म्हणजे पोराची तेवढी वाट. मऊ घेतला तर तो लवकर झिजणार आणि पोरगा वाटेतच अडकणार. त्यानं कोरियन घातला. तो झिजला तेव्हा खाचांत काळी माती आली, म्हणजे खारपड मागं पडलं होतं. मग तो नानासोला म्हणाला, "सगळ्यात टिकाऊ दाव."

"देशी हाय, दगडासारखं. पर ह्या गाडीला असलं टायर म्हंजे नवरदेवाला गमबूट. पोरगं शिव्या दील तुमास्नी."

"देऊ दे. ऐकायचंच हाय मला. आन साईज वाढीव."

"वाढीव घातलं तर चाक उंच हुतंय. मीटर कमी दावंल."

"एका फेऱ्यात वाट जास्त सरंल का?"

"सरंल की. पर जायचं कुठं हाय तुमास्नी?"

"जायचं न्हाई. यायचं हाय."

नानासोनं त्याच्याकडं बघितलं आणि मशीन बंद केलं. मग उंच टायर काढून दिले.

ते टायर उतरवले तेव्हा खाचांत उसाचं पाचट निघालं. आणि पाचटाखाली तांबडा मुरूम. हा मुरूम कृष्णातनं स्वतः गल्लीत पसरला होता. गावात दुसरीकडं कुठं नव्हता.

साळूबाईनं खडे ओंजळीत धरले. "आला की हो," ती म्हणाली, "दारात आला." तिनं शिवतेजच्या खोलीतली गादी उन्हात टाकली, त्याचे शर्ट धुवून काढले. कृष्णात माधवनगरला पळाला. पुन्हा तेच देशी, तोच वाढीव साईज. आता एक सेट पुरणार होता.

आपल्या भागात नव्या टायरखाली लिंबं ठेवायची रीत आहे. चारी चाकांखाली एकेक ठेवायचं आणि गाडी पुढं घेऊन फोडायचं, म्हणजे बाहेरचं काही गाडीला लागत नाही. नानासो प्रत्येक गिऱ्हाईकाच्या पिशवीत चार लिंबं टाकायचा. कृष्णात ती कालवणात पिळायला घरात देऊन टाकायचा. त्या दिवशी मात्र त्याचं मन भरून आलं होतं. सगळं रीतसर व्हावं, पोराच्या गाडीला कुणाची नजर नको. त्यानं टायरना हळद-कुंकू वाहिलं, लिंबं ठेवली, नारळ फोडला. शेडातल्या शेडात गाडी हातभर पुढं घेतली. चारी लिंबं फुटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघंही शेडात गेले.

टायरवर नक्षीचा मागमूस नव्हता. कडेला थोडी उरली होती, तिच्यावर कृष्णातनं हात फिरवला.

बाणाच्या दिशेनं.

मग उलट.

या वेळी दाते सुलट होते.

साळूबाईनं आपला हात तिथंच ठेवला, फिरवला. मग तिची नजर फरशीवरच्या वाळत चाललेल्या लिंबाच्या सालींवर गेली.

"ही कुनी ठेवली?"

"मी."

"आवं, लिंबू भाईरच्याला घालवायला असतंय."

"व्हय."

"भाईर आपला शिवा हुता."

ती तिथंच खाली बसली. कृष्णात उजेड यावा म्हणून शटर पुरतं वर ढकलून बाहेर आला आणि पायाखाली बघून थबकला.

गल्लीतून मुरूम ओरबाडत दोन पट्टे आले होते, करकचून ब्रेक दाबल्यावर उठतात तसे. शटरपासून वीतभर अलीकडं ते थांबले होते. तिथून तेच पट्टे वळून पुन्हा गल्लीकडं गेले होते. शेडासमोर गाडी वळवायला भरपूर जागा आहे.

वळणाच्या ठिकाणी, ड्रायव्हरचं दार येईल तिथं, मुरुमात एक पाऊल उमटलं होतं. एकच. खाली ठेवलेलं आणि परत उचलून घेतलेलं. त्यात पांढरं मीठ भरलं होतं आणि ते अजून ओलं होतं.

कृष्णात आज पुन्हा माधवनगरच्या दुकानात बसलाय. नानासो विचारतोय, किती लांबचा पल्ला हाय ते सांगा फौजी, त्यावर टायर ठरतंय. कृष्णातला ते सांगता येत नाही. रस्ता तुमच्या हद्दीतला, साहेब. तो डांबराच्या पुढं किती लांब जातो? बोला. म्हातारा चाकं घेऊन बसलाय. किती लांब?