जुवेबंदरची तिसरी घंटी

लाइट गेलेच आहेत, आता तासभर तरी येत नाहीत. तो कंदील जरा इकडे सरकवा. वात फार मोठी करू नका, काच काळी होते. मघाशी तुम्ही मला विचारलंत ना, ‘प्रमोदिनीबाई, इतकी चांगली नोकरी का सोडलीत?’ उजेडात मी या प्रश्नाला काहीतरी गुळमुळीत उत्तर देते. आज सांगते.

सत्त्याऐंशी साल होतं. रशियातली ती अणुभट्टी फुटून वर्ष झालं होतं आणि आपल्याकडच्या साहेबलोकांना एकदम जाग आली होती. आमच्या खाडीच्या काठावरही एक अणुवीज केंद्र होतं. तिथे उद्या काही झालं तर काठावरच्या गावांना कळवायचं कसं, यासाठी ठाण्यात एक कक्ष उघडला. आधी पाटी लागली, ‘आणीबाणी कक्ष’. ती वाचून लोक दचकायला लागले, पंचाहत्तर सालचा धसका अजून गेला नव्हता. मग पाटी बदलून ‘आपत्कालीन संपर्क कक्ष’ केली. मी तिथली टेलिफोन ऑपरेटर. रोज डोंबिवलीहून जायचे.

योजना सरळ होती. केंद्रातून आम्हाला फोन येणार आणि आम्ही गावागावात फोन करणार. गावात ज्याच्या शब्दाला मान, त्याच्या घरी टेलिफोन बसवलेला. आमचे गुरुदत्त साहेब छाती फुगवून म्हणायचे, “बाई, मशीन बिघडेल, माणूस बिघडेल, पण ही योजना बिघडणार नाही.” मला त्यांचं हसू यायचं, पण माणूस भला होता.

योजना बिघडली ती जुवेबंदरला. खाडीच्या मधोमध, चारी बाजूंनी तिवरांनी वेढलेलं कोळ्यांचं लहानसं गाव. दिवसा घंटी वाजली की दुसऱ्या क्षणी फोन उचलला जायचा. दिवस मावळला की घंटी वाजून वाजून थकायची, कुणी उचलायचं नाही. नियम असा की एकदा घंटी द्यायची, उत्तर नाही आलं तर पुढच्या गावाकडे वळायचं. म्हणजे अपघात संध्याकाळी झाला असता तर जुवेबंदरला काही कळलंच नसतं. आमचा लाइनमन महिपत लाइन तपासून आला, लाइन ठणठणीत. शेवटी साहेब म्हणाले, “तुम्हीच जाऊन बघून या.”

महिपतला घेऊन मी रेतीबंदरावरून होडीने गेले. भर दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. तिवरांतून चिखलाचा आणि सुकत घातलेल्या जवळ्याचा वास येत होता. फोन भिवाजींच्या घरी होता. म्हातारा माणूस, खांद्यावर जाळं, तोंडभर हसू. त्यांची बायको गंगुबाई आणि सून सगुणा, एवढीच घरात माणसं. मुलगा चंदू मोठ्या बोटीवर कामाला, महिनोन्महिने बाहेर. सगुणा आतल्या खोलीत बाळंतिणीच्या खाटेवर होती. बाळ दहा-पंधरा दिवसांचं असेल. शेगडीवरचा ओव्याचा धूर बाहेरपर्यंत येत होता. मी दारातूनच तिच्याकडे बघून हसले, तिने पदर सावरत मान हलवली. सुवेर म्हणून मी आत गेले नाही.

“काका, संध्याकाळी फोन का उचलत नाही?” मी विचारलं.

भिवाजींनी बायकोकडे बघितलं. “तिन्हीसांजेनंतरचे पयले हाकेला आमी ओ देत नाय गो बाय.”

“ही हाक नाही, घंटी आहे.”

“हाकच की. कोनतरी बोलवतंय मंग ती हाकच.” ते अंगणातून खाली काठाकडे चालत गेले, मी मागोमाग. “तिवरांन ती हाय. वलखीचे आवाजान हाक मारतं. एक डाव, लय तर दोन डाव. तिसरे हाकेचं तिला ठाव नाय. म्हनून आमी तिसरे हाकेलाच ओ देताव. आमचा बाप बी तसाच, आजा बी तसाच.”

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. म्हटलं, वाद घालून काय मिळणार? मला फोन उचलला जायला हवा होता. मी म्हणाले, “मग असं करू. रात्री-संध्याकाळी मी घंटी देईन, बंद करीन. परत देईन, बंद करीन. तिसरी वाजली की उचला. मीच असेन. चालेल?”

“चालंल की!” भिवाजी खूश झाले.

तेवढ्यात गंगुबाई पळत काठावर आली आणि तिने माझा दंड धरला. “हलू बोल गो! पान्याजवल उभी रावून कसली सांगतंस?”

भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांत लुबलुब करत होतं. मी आवाज खाली आणला. तोवर सगळं सांगून झालं होतं.

मग मी त्यांना सरावाचं सांगितलं. येत्या शुक्रवारी सगळ्या गावांचा सराव होणार होता. आमच्या सरकारी भाषेत त्याला ‘रंगीत तालीम’. सरावाच्या फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं, ‘ही रंगीत तालीम आहे’, म्हणजे कुणी घाबरून खरंच गाव सोडू नये. भिवाजी म्हणाले, “तालीम? मंग नाटक कवा?” आम्ही खूप हसलो.

शुक्रवारी साहेबांनी सरावाची वेळ मुद्दाम दिवेलागणीची ठेवली. त्यांचं म्हणणं, अपघात ऑफिसच्या वेळेतच होईल असं कुणी लिहून दिलंय का? कक्षात आम्ही दोघंच होतो. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. साहेबांनी जोडलेला दुसरा फोन कानाला लावला आणि मला खूण केली. पहिलं गाव जुवेबंदर. मी रिसीव्हर उचलला.

घंटी आधीच वाजत होती.

मी अजून बटण दाबलं नव्हतं. वाटलं, क्रॉस कनेक्शन असेल, तेव्हा ते रोजचंच होतं. घंटी थांबली. जरा वेळाने पुन्हा वाजली आणि पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा वाजली आणि पलीकडे फोन उचलला गेला.

“हां बाय,” भिवाजींचा आवाज. “तिसरी झाली. बोल.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात मी बोलायला लागले.

म्हणजे… माझा आवाज बोलायला लागला. माझाच, माझी ती ‘श’ वर जोर देण्याची खोड, सगळं माझं. “भिवाजीकाका, रंगीत तालीम नाही. खरंच झालंय. वारा तुमच्याकडे वळलाय. सगळ्यांना होड्यांत घाला आणि खाडीच्या तोंडाकडे निघा.”

“काका, ऐकू नका! ती मी नाही!” मी ओरडले. घशाच्या शिरा ताणून ओरडले. पलीकडे काहीच पोचत नव्हतं.

“सगुणा वली बालंतीन हाय गो,” भिवाजी काकुळतीला आले. “तिला कशी काढू भाएर?”

“तिला शेवटच्या होडीत बसवा. तिला न्यायला मी स्वतः येते.”

“बेस झाला. तू हायेस ना, मंग नाय भ्याव.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी साहेबांकडे बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. कानाला फोन तसाच. “बाई,” ते कुजबुजले, “शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हा… तुमचे ओठ मिटलेले होते.”

त्यानंतर मी जे केलं ते सगळं योजनेत लिहिलेलंच होतं. जुवेबंदरला पुन्हा फोन लावला. घंटी वाजत राहिली, घरात कुणी असेल तर उचलणार ना! केंद्राला फोन केला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, तुमचा सराव कसा चाललाय? खाडीवरच्या पोलीस लाँचला वायरलेस केला. लाँच होती, पण ओहोटी लागली होती आणि ती चिखलात रुतून बसली होती. पहाटेच्या भरतीशिवाय हलणार नव्हती.

मग पलीकडच्या काठावरच्या गावाला फोन लावला. त्यांच्या होड्या आडव्या गेल्या असत्या तर जुवेबंदरची माणसं थांबली असती. एकदा घंटी दिली, दुसऱ्यांदा दिली, तिसऱ्यांदा एका बाईने उचलला.

“ताई, होड्या काढा! जुवेबंदरची माणसं तोंडाकडे निघालीत, त्यांना अडवा!”

ती दबक्या आवाजात म्हणाली, “बाय, मघाशी तूच सांगतलंस… दारां लावून बसा, खाडीकडं बगू नुको, कोनी वरडला तरी. परत फोन करीन तरी आयकू नुको म्हनालीस.”

“अहो, ती मी नव्हते…”

“ह्ये बी सांगेन म्हनालीस,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी रडायला लागले. साहेब माझ्यासमोर उभे होते, हातात ती बाइंड केलेली योजना, पानं उलटत होते, आणि त्यांना काही सापडत नव्हतं. इतकी असहाय मी आयुष्यात कधी झाले नाही, पुढे आई गेली तेव्हाही नाही. एवढे फोन होते आमच्याकडे. टेबलभर फोन होते. सगळे चालू होते.

पहाटे लाँच सुटली, त्यात आम्ही दोघं होतो. उजाडता उजाडता जुवेबंदर लागलं. दारं सताड उघडी, एका चुलीवरचा भात करपून कोळसा झालेला. माणूस नाही, होडी नाही. आम्ही काठावर उभे राहिलो. काय करावं ते पोलिसांनाही सुचत नव्हतं.

मग भरतीबरोबर होड्या परत आल्या. कुणी वल्हवत नव्हतं, पाणी आणत होतं. माणसं आत बसलेली, सगळी जिवंत, थंडीने काकडलेली, एकमेकांकडे न बघणारी. मी ओळीने होड्या बघत पळत होते. शेवटच्या होडीत भिवाजी होते आणि गंगुबाई, तिच्या पदराखाली बाळ. सगुणा नव्हती.

“सगुणा कुठे आहे?” मी विचारलं.

भिवाजी होडीतून उतरले. “मना काय इचारतंस? तूच आलीस न न्यायला. तोंडाशी, चिखलावरशी चालत आलीस. हात धरून उतरवलीस तिला. आमी बगत व्हतो.” आणि त्या म्हाताऱ्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. “आता तिला आन गो बाय. तिचं काय काम तुज्याकडं?”

पोलिसांनी नंतर महिनाभर खाडी उपसली म्हटलं तरी चालेल. सगुणा मिळाली नाही. चंदू आला, दिवसभर माझ्या दारात बसून राहिला आणि निघून गेला.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. बाळ रडत होतं. टाहो फोडून, काळंनिळं होऊन. गंगुबाईने थोपटलं, दुसऱ्या एका बाईने अंगावर घेतलं, गप होईना. मला राहवलं नाही. मी जवळ गेले आणि इतकंच म्हणाले, “अगं बाई गं, भूक लागली का?”

बाळ गप्प झालं. एकदम. त्याने मान माझ्या आवाजाकडे वळवली, ओठ चुटूचुटू हलवायला लागलं आणि माझ्या छातीशी तोंड शोधायला लागलं.

गंगुबाईने त्याला माझ्यापासून मागे ओढलं. “सगुणाला सोडून तूच परत होडीन येवून बसलीस, रातभर तूच पाजलंस त्याला,” ती म्हणाली, “आता दुसरीचं घेत नाय.”