पार्वतम्माच्या घरातली शांतता

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय. २०१६ चा दुष्काळ. अहमदपूरच्या पुढची एक वाडी.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

तेव्हा मी आमच्या तालुक्यातल्या छोट्या सामुदायिक रेडिओवर फुकट राबत होते. अनुभव मिळतो म्हणून! कार्यक्रमाला विषय दोनच, टँकर आणि मागणीतला नवा जिल्हा. दोन्ही काही येत नव्हते.

नांदेडच्या एका मोठ्या रेडिओ स्टेशनात निवेदकाची जागा निघाली. स्वतः घेतलेली एक मुलाखत पाठवायची होती. घरच्यांनी बजावलं होतं, "सिंधू, हे न्हाई जमलं तर गुमान लग्नाला उभी राहा."

म्हणून मी पार्वतम्माकडं गेले. तिची लेक मल्लम्मा चैत्रात पाण्यासाठी विहिरीत उतरली होती. दरड कोसळली आणि ती तिथंच गेली.

म्हातारी शांतपणे बोलली. "अजून वाट बघून राहिले, बाई. येडी म्हणतेत लोकं."

शेवटी घरातली शांतता रेकॉर्ड केली. बोलण्याचे तुकडे जोडताना ती मधे भरावी लागते. आम्ही दोघी गप्प बसलो. घरात तिसरं कुणी नव्हतं.

स्टेशनवर येऊन हेडफोन लावला.

शांतता...

मग दाराची कडी वाजली...

मग अगदी कानाजवळ, दमलेल्या तरण्या बाईचा आवाज.

"अव्वा, दार उघड. डोक्यावर घागर हाय."

मी हेडफोन काढून तेच स्पीकरवर लावलं. स्टेशन सांभाळणाऱ्या मन्मथदादांनीही ऐकलं. ते घामाघूम झाले. "पुसून टाक ते. असलं नांदेडला पाठवतीस का?"

माझा हात होईना. अव्वा म्हणजे आई. म्हातारीची लेक होती ती.

मी पार्वतम्माला फोन लावला. स्पीकरजवळ धरून तिला ऐकवलं.



पलीकडं खाट करकरली. कडी निघाली.

आणि भरलेली घागर जमिनीवर टेकली... पाणी हिंदकळलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

"आली गं माय," पार्वतम्मा म्हणाली. फोन बंद झाला.

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आवाज नव्हता. नुसती स्वच्छ शांतता. कुणी काही पुसलं नव्हतं.

तीच मुलाखत पाठवली. जागा मिळाली. खरं सांगते, आनंद असा झालाच नाही. नुसता थकवा आला.

तरी म्हातारीला कळवावं म्हणून फोन केला.

एका तरण्या बाईनं उचलला.

"पार्वतम्मा आहेत का?" मी विचारलं.

"अव्वा झोपलीय," ती हळूच म्हणाली. "उठवू नका, ताई. लई दिसांनी डोळा लागलाय तिचा."

मी फोन ठेवला. आता रोज माझा आवाज घराघरांत जातो. त्या एका घरी पुन्हा फोन लावायची मात्र अजून हिंमत झालेली नाही.