चारशे तेरावं झाड

खरं सांगते, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. पण आमच्या मावशीला थापा मारता येत नाहीत. ती जंगलांचा अभ्यास करते, शास्त्रज्ञ आहे. किती वाजले विचारलं तरी मिनिटासकट सांगणारी बाई.

तर, नोव्हेंबरमधला गुरुवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

हो, दुपार. लख्ख ऊन. भुतांना रात्रपाळीच असते असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मावशीच्या संशोधन केंद्रानं जंगलाचा एक तुकडा राखून ठेवलाय. चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या. आत चारशे बारा झाडं. प्रत्येकाला नंबराचा बिल्ला, आणि माणसाच्या छातीच्या उंचीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा. दरवर्षी त्या पट्ट्यावर टेप गुंडाळून घेर सेंटीमीटरमध्ये मोजायचा. झाड किती वाढलं ते कळतं.

काम दोघांचं. एकानं टेप लावून नंबर आणि घेर ओरडून सांगायचा. दुसऱ्यानं लांब उभं राहून वहीत लिहायचा, आणि तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. मग टेपवाला म्हणणार, "बरोबर."

"बरोबर" आलं की नोंद पक्की.

टेप धरायचे टेपकाका. सव्वीस वर्षं तेच. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. वही मात्र त्या वर्षी पहिल्यांदाच मावशीकडे आली होती. आधीचे साहेब नुकतेच निवृत्त झाले होते.

त्या गुरुवारच्या तीन दिवस आधी मोजणी संपली. मावशी ऑफिसात बसून आकडे कॉम्प्युटरवर चढवायला लागली. शेवटच्या पानावर आली आणि थांबली.

चारशे बाराच्या खाली अजून एक ओळ होती...

चारशे तेरा. घेर शहाऐंशी पॉइंट चार.

अक्षर तिचंच.

तिनं साहेबांची गेल्या वर्षीची वही काढली. चारशे बाराच्या खाली एक ओळ इतकी गिरवून खोडलेली, की कागद फाटायला आला होता. पान उजेडासमोर धरलं. खाली दिसलं, एकशे चार. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच खोडलेलं. एकशे तीन.

मावशीचं डोकं सणकलं. झाड वाळेल, पडेल, पण एकशे चारचं शहाऐंशी होणार नाही. म्हणजे टेपकाका मनाला येईल ते ओरडत होते! आणि एक आकडा खोटा, तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? सव्वीस वर्षांचा अभ्यास पाण्यात!

तिनं काकांना बोलावलं.

"काका, चारशे तेरावं झाड कुठलं?"

काकांनी मान खाली घातली. "मी चारशे बारालाच टेप गुंडाळली, बाई."

"मग हे मला स्वप्नात ऐकू आलं?"

काकांनी टेप खिशात घातली आणि दाराकडे वळले.

त्या पाठ फिरवण्यानंच तिची खात्री पटली. तिनं अहवाल लिहिला. खोट्या नोंदी, कामावरून कमी करावं. चौदा महिन्यांवर आलेली पेन्शन गेली असती बिचाऱ्यांची. अहवाल शुक्रवारी पाठवायचा होता.

पण बाई हिशेबाची पक्की. पाठवण्याआधी एकदा डोळ्यांनी बघू म्हणाली. म्हणून त्या गुरुवारी दुपारी दोघं पुन्हा गेले. फक्त शेवटची ओळ मोजायची, चारशेपासून पुढं.

या वेळी तिची नजर वहीवर नव्हती. काकांच्या तोंडावर होती.

"चारशे बारा. एकशे एकोणीस पॉइंट दोन!"

"चारशे बारा, एकशे एकोणीस पॉइंट दोन."

"बरोबर."

काका टेप गुंडाळत तिच्याजवळ आले. पिशवीतून बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्यायला लागले.

तेवढ्यात झाडांवरच्या किड्यांची किरकिर थांबली... एकदम. कोणी बटण बंद करावं तशी.

वारा नाही. पान हलत नाही.

आणि समोरच्या झाडांमागून...

"चारशे तेरा. शहाऐंशी पॉइंट पाच!"

आवाज काकांचा होता.

काका तिच्या शेजारी होते. बाटली तोंडाला. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं.

मावशीच्या पाचावर धारण बसली. पण सवय बघा! हातानं आकडा लिहायला घेतला, ओठ आपोआप उघडले...

काकांनी बाटली टाकून तिचं मनगट पकडलं. जोरजोरात मान हलवली. नाही.

पुन्हा आवाज आला. या वेळी जवळून.

"चारशे तेरा... शहाऐंशी पॉइंट पाच..."

वाट बघत असल्यासारखा.

दोघं मागं न बघता जीपपर्यंत पळाले. दार लावल्यावर मावशीनं विचारलं.

"हे... हे दरवर्षी होतं?"

"दरवर्षी. साहेब लिहायचे, भानावर आले की खोडायचे. पण परत कधी म्हणाले नाहीत."

"आणि मी?"

काकांनी जीप सुरू केली. "तुम्ही त्या दिवशी वहीत बघत होता, बाई. मी तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत तुमचं म्हणूनही झालं होतं. आणि तिकडून 'बरोबर' आलं."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का, काका!"

"सांगितलं असतं, तर अहवालात काय लिहिलं असतंत?"

तिला स्वतःची लाज वाटली. घरी पोचायच्या आधी तिनं अहवाल फाडला. काका पुढं पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झाले, तेवढं तरी चांगलं झालं.

इथवर असतं तर मी लिहिलंही नसतं.

त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली. आई तिच्यासाठी स्वेटर विणत होती. म्हणाली, "हात वर कर गं, माप घेते." टेप पाठीमागून घेऊन छातीवर आणली.

"साडेशहाऐंशी."

मावशीनं आईच्या हातातून टेप ओढून घेतली आणि आकडा स्वतः वाचला.

आधीचे साहेब... चांगले धिप्पाड, एकशे चार सहज भरेल अशा छातीचे होते.

तिनं साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला.

"परत म्हणालीस?"

"हो. एकदा."

साहेबांनी फोन ठेवला. पुन्हा कधी उचलला नाही.

याला आता तीन हिवाळे झाले. मावशीनं त्या तुकड्याचं काम सोडलं. जेवण तेवढंच, वजनाच्या काट्यावर आकडाही तोच. पण स्वेटर दरवर्षी छातीत जरा जास्त घट्ट होतो. गेल्या महिन्यात आईनं बगलेखाली उसवून पट्टी जोडली. मावशीनं आईला टेप लावू दिली नाही. आतल्या खोलीत जाऊन स्वतःच माप घेऊन आली.

मी विचारलं, "किती झालं गं, मावशी?"

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"विचारू नकोस. मी सांगितलं, तर तू परत म्हणशील."