गोठलेल्या अंगणातला घास

“थांब! कपाळ तसंच मोकळं ठेवून निघालीस?” सासूबाईंनी, अन्नपूरणीमामींनी, हटकलं, आणि मासळीच्या कारखान्याला निघालेली, बूट चढवलेली सेल्वमलर दारातून मागे फिरली… मामींनी तिच्या कपाळी कुंकू रेखलं. “माझा इळंगो येईल, तेव्हा त्याला त्याची बायको अश्शीच दिसली पाहिजे हो!”

सेल्वमलरने मान खाली घातली. इळंगो येणार नव्हता. आईला आणि बायकोला पुढे नॉर्वेला पाठवून तो मागे राहिला, आणि मायदेशातल्या युद्धाच्या अखेरीस तिथल्याच समुद्रकाठच्या वाळूत पडला. ज्याने त्याला मूठमाती दिली, त्या शिवनेसननेच तिला हे सांगितलं होतं. पण म्हातारीचा जीव त्या एकाच आशेवर तग धरून! म्हणून हिने गळ्यातली सौभाग्याची ताली उतरवली नाही, की एक हुंदका दिला नाही… दर शुक्रवारी भाड्याच्या हॉलमध्ये मुरुगनाची पूजा व्हायची. तिथे कोमतीअक्का सगळ्यांदेखत टोचायची, “नवऱ्याचा पत्ता नाही, अन् कुंकू बघा केवढं! कोणासाठी गं, कारखान्यातल्या मासळीसाठी?” बायका हसायच्या. ही मुकाट्याने समया पुसत राहायची.

त्या दिवशी वादळामुळे होड्या बंदराला लागल्याच नाहीत, आणि कारखान्याने सगळ्यांना दुपारीच घरी धाडलं. सूर्य न उगवण्याचे दिवस ते. निळसर अंधारात मागच्या अंगणात मामी दिसल्या… बर्फात, अनवाणी! पुढ्यात ताटली, तीत भात आणि इळंगोच्या आवडीची तळलेली वांगी.

“ये रे राजा… इथे कावळा दिसत नाही, तर समुद्रावरचा कुरव पक्षी होऊन ये. पण जेव रे!”

अमावास्येचा, पितरांचा घास! सेल्वमलर पुढे धावली. जिवंत लेकासाठी असा घास कोण ठेवतं?

“मामी… तुम्हाला ठाऊक होतं?”

म्हातारी दचकून वळली, ताटलीपाशी खाली बसली. “शिवनेसनचा फोन आधी मलाच आला होता गं! माझं कपाळ माझ्या सासूने पुसलं, तेव्हा मी तुझ्याहून लहान होते… तोच हात मी तुझ्यावर उचलू? म्हटलं, जाऊ दे, पोर वाट बघत तरी जगेल!”

“आणि मी म्हटलं, तुम्ही जगाल…”

मग सेल्वमलर बर्फात गुडघ्यांवर बसली आणि तिने कपाळ पुढे केलं.

“पुसा, मामी.”

“नको गं बाई! या हातांनी नको…”

“पुसा ना. मला रडायचंय.”

म्हातारीने ओंजळभर बर्फ उचललं आणि सुनेच्या कपाळावरून फिरवलं. ते लाल होत गेलं… आणि इतक्या वर्षांचा दाबलेला आक्रोश दोन गळ्यांतून एकदमच फुटला.

ताटलीतल्या घासाला तेव्हा कुठे एक कुरव शिवला.