केळुसकरशेठांचं मानपत्र

फणसवाडीतल्या जयवंत मास्तरांकडे मानपत्राचा एकच साचा होता. नाव बदलायचं, धंदा बदलायचा, बाकी 'दीनांचे कैवारी' तेच. गिरगावातल्या अकरा शेठांना त्यांनी तो वाचून दाखवला होता आणि अकराही जणांना तो खास आपल्यासाठीच लिहिलाय असं वाटलं होतं. अकलेच्या नावाने आनंदच सगळा!

बारावे केळुसकरशेठ. परळला दंतमंजनाचा कारखाना काढला, मग नगरसेवक झाले, दोन पाणपोया बांधल्या आणि दोन्हींवर आपलं नाव हातभर उंचीचं कोरून घेतलं. छप्पन साली मोर्चेवाल्यांना हेच गृहस्थ टोळभैरव म्हणत. साठ साली महाराष्ट्र झाला आणि रातोरात हे लढ्याचे खंदे पाठीराखे! मास्तरांनी तेही लिहिलं. तोंड कडू झालं, पण लिहिलं.

समारंभाच्या आदल्या दुपारी लालबागची सुभद्रा दारात आली.

"माझे घरवाले, दगडू, शेठच्याच कारखान्यात होते. छप्पनला गोळीबार झाला तेव्हा फाटकाबाहेर अडकले. आत घ्या म्हणून ओरडत होते. शेठने कुलूप काढू दिलं नाही. आता सांगतात, तो कामावर नव्हताच, दगडफेक करताना मेला. चार वर्षं चाळीत हेच ऐकतेय. मास्तर, एक ओळ लिहा खरी."

"मानपत्रात असलं लिहीत नाहीत, बाई."

"मग वाचताना कामगारांचं येईल तिथे थांबा तरी. जरासे."

"बघू," मास्तर म्हणाले. धड हो नाही, धड नाही नाही. शेठला हसणारा हा माणूस शेठला टरकूनही होता.

ती गेल्यावर त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. 'कामगारांना पित्यासमान' इथे घसा अडकला. पाणी प्यायले, पुन्हा वाचलं, पुन्हा तिथेच. थोड्या वेळाने बायको मालन चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली.

"पाहुणे गेले वाटतं?"

"कोण पाहुणे?"

"आत्ता बोलत होते ते. मालवणी."

मास्तर वाईचे. मालवणीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. दुसऱ्या कपावर साय धरली, तरी त्याला कुणी हात लावला नाही.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. पुढे पाहुणे, कडेला कारखान्यातले कामगार, बायकांच्या रांगेत सुभद्रा. शेठ हात जोडून, डोळे मिटून उभे. नम्रतेचं सोंग कसं करावं ते यांच्याकडून शिकावं!

मास्तर वाचत गेले. 'कामगारांना पित्यासमान...'

थांबले.

शेठांनी डोळे उघडले.

"कोण? दगडू?"

शेठांनी कोटाचा खिसा मुठीत धरला.

"नाही. कुलूप निघणार नाही. किल्ली माझ्याच खिशात आहे. ओरड हवं तेवढं."

मागच्या रांगांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. पुढच्यांचे हात हवेतच राहिले. कामगार एकेक करून उभे राहिले.

मास्तर कसेबसे बाहेर आले. घसा सोलवटून निघाला होता. पायरीवर सुभद्रा उभी होती.

"बाई, थांबलो मी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तिथेच."

"थांबलात कुठे, मास्तर? केवढ्याने ओरडत होतात. आवाज आमच्या यांचा." तिने पदराने तोंड पुसलं. "आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणालात, 'सुभद्रा, उघडल्यान नाय गो. तू जा घराक.'"