जाळीवरची साय

छप्पन सालच्या मार्गशीर्षात, एका सकाळी नऊच्या सुमाराला, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एक बैलजोडी शिरली. जोडीच्या मागे दोराने बांधलेली, अंबरनाथच्या कारखान्यातल्या शरदचंद्र साहेबांची लाल गाडी होती. विलायती, उघडी, दोनच सीटांची, वेगासाठी बनवलेली. ती बैलांमागून ओढत येताना पाहून दुकानदार हसत बाहेर आले. हरिचंद्र मिस्त्री मात्र हसला नाही.

हरिचंद्र जवळच्या जांभूळ गावचा. लढाईच्या वर्षांत इथे मिलिटरीचा तळ होता, तेव्हा ट्रकांखाली उताणा पडून तो मोटारकाम शिकला. पलटणी गेल्या, बराकींत सिंधी कुटुंबं आली, आणि यानेही एक पत्र्याची शेड धरून गॅरेज टाकलं. इंजिनाला कान लावून दोष सांगणारा, म्हणून अंबरनाथच्या कारखान्यांतले ऑफिसरही त्याच्याकडे येत.

साहेब मागून कारखान्याच्या जीपने आले.

"मिसिंग करते. खोकते, दम टाकते आणि बंद पडते," ते म्हणाले. "रविवारी मुंबईहून एकजण पाहायला येतोय. विकून टाकायचीय. तोवर ठीक कर."

"कुठं बंद पडते?"

"बेलवली सोडून अंबरनाथकडे येताना मोरी लागते ना... तिच्या चढावर."

"दर वेळी तिथंच?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते जीपमध्ये बसले.

हरिचंद्रने गाडी सुरू केली. एका झटक्यात लागली. चारही प्लग काढून पाहिले. विटकरी, कोरडे, जसे असावेत तसे. पॉइंट साफ, ठिणगी निळी. मग पेट्रोलची नळी सोडवून त्याने प्रेशरचा काटा जोडला. काटा चढला आणि खिळ्यासारखा थांबला. या गाडीचा पेट्रोलपंप विजेचा होता. किल्ली फिरवली की टकटक वाजायचा, नळी भरली की गप्प व्हायचा. तोही बरोबर गप्प झाला. दोष कुठेच नव्हता.

पंपाच्या बुडाशी पेट्रोल गाळणारी तांब्याची बारीक जाळी असते. ती उघडायला त्याचा हात धजेना. त्या जाळीशी त्याची जुनी ओळख होती.

दोन वर्षांपूर्वी हीच गाडी त्याच्याकडे आली होती, ठणठणीत. साहेबांच्या पत्नी पद्मजाबाई ती चालवायच्या, बेलवलीच्या बंगल्यातून माहेरी कल्याणला एकट्या जायच्या-यायच्या. कारखान्यात त्यावरून ऑफिसर मंडळी साहेबांची थट्टा करत. साहेब सुधारकी मताचे म्हणून नाव होतं. ते म्हणाले होते, "मला तिला नाही म्हणायचं नाही, हरिचंद्र. गाडीनेच नाही म्हणू दे."

हरिचंद्रने कपड्याचा साबण त्या जाळीत चोळून बसवला. साबण पेट्रोलात विरघळत नाही. एक कोपरा तेवढा मोकळा ठेवला. सपाटीवर गाडी नीट चालावी, चढावर जादा पेट्रोल मागितलं की घुसमटावी, असा हिशेब. हिशेब चोख उतरला म्हणून तेव्हा त्याला मनातून फुशारकीसुद्धा वाटली होती.

चौथ्या दिवशी त्यांची चार वर्षांची मुलगी कुंदा घटसर्पाने फणफणली. घशात पांढरी साय धरली, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. साहेब कारखान्यात. पद्मजाबाईंनी पोरीला शेजारच्या सीटवर निजवलं आणि गाडी कल्याणच्या दवाखान्याकडे काढली. मोरीच्या चढावर गाडी बंद पडली. दीड तासाने एक ट्रक आला, तोवर सीटवरची शिट्टी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी हरिचंद्रला बंगल्यावर बोलावलं. बाई गाडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

मागे साहेब उभे होते. हरिचंद्र म्हणाला, "चोक जास्त ओढला असेल, बाईसाहेब. पेट्रोल चढलं इंजिनात."

बाईंनी मान हलवली. त्या आत गेल्यावर त्याने जाळी काढून गरम पाण्याने धुतली.

...

दुपारी बाजूचा चेलाराम, सुट्या भागांचा दुकानदार, भिंतीवर थाप मारून ओरडला, "हरी, ओ साईं! वो पंप बंद कर ना!"

हरिचंद्र उंबऱ्यात बसून भाकरी खात होता. किल्ली त्याच्या खिशात होती आणि बॅटरीची तार सुटून जमिनीवर पडली होती. तरी पंप वाजत होता. टकटक असा सरळ नाही. टक्... मग लांब खंड... मग घाईघाईने तीन-चार, जणू हवा पुरत नाही... आणि पुन्हा खंड. शेडमध्ये पेट्रोलच्या वासाखालून दुसराच वास येत होता, उकळलेल्या कपड्यांचा आणि औषधाचा. तो जवळ गेला, तसा पंप थांबला. पितळी बुडाला त्याने हात लावला. ते कोमट होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने साहेबांना सोबत घेतलं. साहेब चालवत होते. हरिचंद्र शेजारच्या सीटवर, नळी बॉनेटमधून बाहेर काढून प्रेशरचा काटा मांडीवर धरून. लख्ख ऊन, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खोडं, माणूस नाही. परतीला अंबरनाथकडे येताना बेलवली मागे पडली. गाडी लोण्यासारखी चालत होती.

मोरी दिसली आणि काटा थरथरला.

"साहेब, जरा दाबा."

"दाबलंय..."

काटा उतरू लागला. इंजिन एकदा अडखळलं, पुन्हा अडखळलं. बारीक शिट्टीसारखा आवाज आला, आणि चढाच्या मध्यावर गाडी उभी राहिली. काटा शून्यावर.

दोघेही खाली उतरले. हरिचंद्रने बॉनेट उघडलं, पंपाचं बूड सोडलं आणि जाळी हातात घेतली.

जाळीवर पांढुरकी साय धरली होती.

"परत साबण लावलास?" साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही, साहेब... हा साबण नाही."

साबण कडक असतो. हे ओलं होतं, चिवट होतं, जाळीच्या तारांना घट्ट धरून बसलं होतं. त्याने नखाने एक कड उचलून ओढली. साय निघाली तिथे तांब्याच्या तारांतून लाल थेंब वर आला. मग दुसरा.

तेवढ्यात मागे, रिकाम्या सीटवर, कुणीतरी श्वास आत ओढला. फार वेळ बुडून वर आल्यावर ओढावा तसा, लांब.

साहेबांनी मान वळवली नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "पूस," ते म्हणाले. "लवकर पूस... आणि घरी हिला यातलं काही बोलू नकोस."

हरिचंद्र त्या माणसाकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्याला साहेबांची आणि स्वतःची सारखीच शिसारी आली. त्याने सगळी साय सोडवली, जाळी बसवली. गाडी चालू झाली आणि चढ एका दमात चढून गेली.

संध्याकाळच्या आधी तो बेलवलीच्या बंगल्यावर गेला. पद्मजाबाई मागल्या अंगणात तांदूळ निवडत होत्या, डाव्या हाताने. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साबण, साहेबांचं बोलणं, चोकचं खोटं.

बाईंनी सूप खाली ठेवलं. मग उजवा हात पुढे करून म्हणाल्या, "या हाताने चोक ओढला होता ना मी... दोन वर्षं या हाताने घास घेतला नाही, देवाला फूल वाहिलं नाही. तुम्ही बंगल्यासमोरच्या या रस्त्याने कितीदा गेला असाल. एकदा थांबला असता."

त्या रडल्या नाहीत. हरिचंद्रला वाटलं, रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी गिऱ्हाईक परत गेलं. बाईंनी गाडी विकू दिली नाही. साहेब पुढल्या महिन्यात कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले, वर्षभरात बढती मिळून मुंबईला गेले. लोक म्हणाले, बाईच विक्षिप्त. साहेबांनी बिचाऱ्यांनी किती सोसलं. हरिचंद्रने ते ऐकलं आणि कॅम्पात कुणापुढेही तोंड उघडलं नाही. ती हिंमत त्याच्यात एकदाच होती, ती खर्चून गेली.

गाडी बंगल्यामागच्या खोलीत उभी राहिली. बाई तिला हात लावत नाहीत. कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला असते. चारही टायर बसले आहेत, चाकांच्या आऱ्यांतून कोळ्यांनी जाळी विणली आहेत आणि ती कधी तुटलेली नसतात.

दर सोमवारी हरिचंद्र येतो, टाकीत लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल मोजतो. खाली थेंब सांडलेला नसतो, नळी कोरडी असते. तरी दर सोमवारी पट्टीवर दोन बोटं पेट्रोल कमी भरतं. इथून कल्याणच्या दवाखान्यापर्यंत जायला लागेल तेवढं. परतीचं नाही. तो तेवढंच ओततो.

बाई दारात उभ्या असतात. "पोचायला पुरेल ना?" त्या विचारतात.

"पुरेल, बाईसाहेब."

त्या कुलूप लावतात. तो फाटकापर्यंत जातो न जातो, तोच बंद खोलीत पंप वाजू लागतो... सरळ, भराभर, नळी भरेपर्यंत.