तिसरी हाक

रात्रीची गाडी चालवता ना पोरांनो, मग मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. ही गोष्ट कुणाकडून कानावर आलेली नाही. मी तिथं बसलेली होते.

वाडीत आमच्या घरामागं भाड्याच्या खोल्या आहेत. शेवटच्या खोलीत जितेंद्र आणि प्रेमिला राहायचे. उमरेडकडचे कोष्टी. आज्याचा हातमाग होता, तो बापाच्या काळातच बंद पडला, आणि नातू मोबाइलवरून बोलावतात त्या टॅक्सीला लागला. पांढरी गाडी. दिवसा झोपायचं, रात्री चालवायचं. मुलगी सोनिका आजीकडे शिकायला.

रात्रीच्या या धंद्यात काय काय होतं ते मी तुम्हाला काय सांगू. पिऊन बसतात आणि मानेवर ओकतात. ठिकाण आलं तरी उतरत नाहीत, वरून शिव्या देतात. त्या हिवाळ्यात एका ड्रायव्हरच्या गळ्याला मागच्या सीटवरून चाकू लागला. गाडी नेली आणि त्याला बायपासच्या कडेला थंडीत टाकून दिलं. ते ऐकलं आणि प्रेमिलानं हुकूमच काढला. रात्रभर फोन चालू ठेवायचा. त्याच्या डाव्या कानात इअरफोनची तार, आणि इकडं हिच्या उशाशी फोन. काही झालं तर मला कळलं पाहिजे, म्हणायची.

सगळी गल्ली म्हणाली, काय जीव लावते बाई नवऱ्याला! कसला जीव? जळत होती ती. जितेंद्र दिसायला चांगला, बोलायला गोड. धरमपेठेतून रात्री उशिरा निघालेल्या पोरी त्याच्या गाडीत बसायच्या, वास मागं ठेवून जायच्या. सकाळी तो झोपला की ही जाऊन मागची सीट हुंगायची. हो, हुंगायची. मी पाहिलं आहे. एखादा केस सापडला तर दोन बोटांत धरून उन्हात बघायची, आपला आहे की दुसरीचा.

आणि तरी तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेही पुटपुटत. मग आपलं 'अहो', नाहीतर 'सोनिकाचे बाबा'. तिच्या माहेरी तशीच रीत.

त्याच्याकडं दुसरी एक रीत होती, आईनं लावलेली. मला त्यानं एकदा सांगितली होती, प्रेमिलाला कधी नाही. रात्री मागून कुणी नाव घेतलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावतं. ते जे दुसरं असतं, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. तुम्ही हसाल. तो हसत नव्हता.

२०२४ ची संक्रांत. तिच्या आधीचा शनिवार. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, थंडी अशी की कुत्रीही भुंकत नव्हती. माझ्या सासूला खोकल्याची उबळ आली आणि घरात ओवा नव्हता. एक वाजून गेला होता. प्रेमिलाच्या दाराखालून उजेड दिसला, म्हणून गेले.

"ओवा दे वं थोडा."

तिनं तोंडावर बोट ठेवलं. पलंगावर फोन, आवाज मोठा केलेला.

"हळू बोला न यमुताई. तिकडं ऐकू जाते. बसा."

"काहून, पिच्चर लागला काय?" मीही कुजबुजले, आणि पुढं सगळं तसंच बोललो.

"लागन आता. आपल्या वाडीतलीच सवारी आहे. गोदामाच्या लाइनीतून."

फोनमधून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग लागल्याचा. मग जितेंद्र बोलला, "मॅडम, ओटीपी सांगा."

प्रेमिलानं माझं मनगट धरलं. "मॅडम! ऐकलं? बाई आहे."

"मग? बाईनं टॅक्सीत बसू नाही काय? पायी जायचं तिनं?"

"गोदामाच्या लाइनीत एवढ्या रात्री कोणती बाई राहते, सांगा मले."

तिनं जळून विचारलं. पण मला ते वेगळंच लागलं. त्या लाइनीत खरंच कुणी राहत नाही. नुसती शटरं आणि उभे ट्रक.

"मॅडम, नंबर सांगितल्याशिवाय ट्रिप चालू होत नाही," जितेंद्र म्हणाला. मग, "अरे... झाली. झाली चालू."

तिनं नंबर सांगितल्याचं आम्ही दोघींनी ऐकलं नाही.

"कानात सांगितला असन," प्रेमिला फणफणली. "तोंडाजवळ तोंड नेऊन!"

"चूप वं. काहीच्या काही बोलून राहिली."

गाडी निघाली. एक ट्रक जवळून गेला. मग रस्ता मोकळा झाल्यासारखा नुसता टायरचा आवाज. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही धरमपेठ टाकलं होतं न? मॅप शहराबाहेर सावनेरकडं नेऊन राहिला."

गाडी हळू झाली.

"मॅडम?"

तो खाकरला.

"वळवू काय गाडी?"

मग ती बोलली. हळू. अगदी जवळून.

"जितेंद्र..."

प्रेमिला ताडकन उभी राहिली, आवाज मात्र दाबूनच. "नाव घेतलं तिनं!"

"अवं, सवारीले मोबाइलमध्ये नाव दिसते. ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, सगळं दिसते."

"दिसते, तर असं घ्यायचं काय? असं? मी इतक्या वर्षांत असं नाही घेतलं, यमुताई!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं.

जितेंद्रनं ओ दिली नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. नाकातून, भराभर. गिअर बदलला. गाडी जोरात निघाली.

"जितेंद्र..."

दुसरी.

तो ओ का देत नाही, ते मला तेव्हा कळलं. मी प्रेमिलाचा पदर ओढला. "खाली बस. एक शब्द बोलू नको. तो तिसरीची वाट पाहून राहिला."

"कशाची तिसरी?"

"बोलू नको म्हणते न!"

फोन गप्प.

तो गप्प.

मागं जे बसलं होतं, तेही गप्प... थांबलेलं.

तिसरी हाक येत नव्हती. येणारच नव्हती. आणखी थोडा वेळ गेला असता तर रस्त्यावर दिवे लागले असते, एखादा पेट्रोल पंप आला असता, आणि तो सुटला असता. मी देवाचं नाव घेत होते.

मग मी प्रेमिलाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्या ताटातला घास कुणी उचलून खाल्ला, तसा चेहरा. मी तिच्या तोंडावर हात नेला.

उशीर झाला.

"जितेंद्र!"

उखाण्यानंतर पहिल्यांदा. अख्खी खोली घुमली.

त्यानं तो आवाज ओळखला नाही. कसा ओळखणार? त्या तोंडून आपलं नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. कानातली तार आणि मागची सीट, अंधारात कुणाला कळतं काय कुठून आलं? बाईचा आवाज. त्याचं नाव. तिसऱ्यांदा.

"ओ," तो म्हणाला.

ब्रेक लागला. गाडी थांबली.

इंडिकेटर टिकटिक करत होता.

मागचं दार उघडलं...

पुढचं दार लागलं.



"अहो," प्रेमिला फोनला म्हणाली. "अहो... अहो, बोला न..." तिकडून नुसती टिकटिक. मी धावत जाऊन माझ्या नवऱ्याला, गणपतरावांना उठवलं. ते मोटारसायकल काढून सावनेर रस्त्यानं पार लांबवर गेले. गाडी कुठंच दिसली नाही. पोलिसांना फोन केला, त्यांनी नंबर लिहून घेतला. प्रेमिला फोनपुढं बसून राहिली. फोन कटला नव्हता. टिकटिक थांबली नव्हती.

उजाडताना गाडी दारात आली.

जितेंद्र उतरला. अंगावर ओरखडा नाही. कपड्याला सुरकुती नाही. नळावर तोंड धुतलं आणि मला म्हणाला, "यमुताई, चहा देता काय?"

प्रेमिला त्याच्या अंगावर धावली. शर्ट धरला. "कुठं होते? कोण होती ती? सांगा, कोण होती?"

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग घडी घालून खांद्यावर टाकला. तिचे हात त्याच्या शर्टावर, आणि तो मात्र माझ्याकडंच बघत होता.

"अरे, बायको विचारून राहिली," मी म्हटलं. "सांग न तिले."

"प्रेमिला?" तो हसला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. "ती गाडीतच बसून आहे. रात्री नाव घेऊन हाक मारली न तिनं मले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, यमुताई! जीव गार झाला माझा."

"जितेंद्र," प्रेमिला म्हणाली. त्याच्या तोंडासमोर. "जितेंद्र. मी इथं आहे. जितेंद्र!"

तो चहाची वाट पाहत होता.

मग तिनं शर्ट सोडला आणि पायातली चप्पल काढली. मी आडवी गेले, मलाही ढकललं तिनं. "निघ!" ती गाडीकडं ओरडत गेली. "निघ बाहेर, रांडे! माझी जागा आहे ती! माझा नवरा आहे!" शेजारपाजारचे दार उघडून बघत होते. तिनं ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचं, पुढचं डावं दार ओढलं.

आत कुणी नव्हतं.

चप्पल तिच्या हातातच राहिली. मी तिच्या मागं जाऊन उभी झाले आणि मीही पाहिलं. चांगलं उजाडलं होतं. सीट रिकामी होती आणि तिच्यावर पट्टा लावलेला होता, खटक्यात बसवलेला. पण तो पट्टा सीटला टेकलेला नव्हता. छातीवरून ताणून घ्यावा तसा समोर उभा होता, मध्ये वीतभर हवा ठेवून.

आणि हळूच वर यायचा... खाली जायचा... वर यायचा.